‘कोसान’ चालवताना

आयरिश भाषेत पायवाटेला ‘कोसान’ म्हणतात. संस्कृतच्या तासाला देव आणि वन चालवलेल्या माणसाला एवढासा शब्द जड जाऊ नये. तरी जातो. ‘देवः, देवौ, देवाः’ म्हणताना शब्दाचं शेपूट तेवढं हलतं. कोसान तोंडाकडूनही बदलतो. एका वाक्यात तो ‘ख़ोसान’ असतो, पुढच्यात ‘गोसान’, आणि शब्दकोशात शोधायला जावं तर दोन्ही नोंदी सापडत नाहीत. नवशिके इथंच अडतात आणि तक्ता पाठ करायला घेतात. तक्त्याने काम होत नाही असं नाही, पण ते उलट्या टोकाकडून धरलेलं काम आहे. कोसानचं प्रत्येक बदललेलं रूप म्हणजे गळून गेलेल्या एखाद्या जुन्या स्वराची किंवा अनुनासिकाची खूण आहे, आणि मराठी बोलणाऱ्याच्या तोंडात अशा खुणा आधीपासून आहेत. त्या ओळखल्या की तक्ता बराचसा आपोआप भरतो.

आधी उच्चाराचं बघू. ‘को’ आखूड म्हणायचा, ‘कॉ’कडे थोडा झुकलेला. पश्चिमेला कनॉट प्रांतात जोर पहिल्या अक्षरावर येतो. दक्षिणेला मन्स्टरमध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि शब्द ‘कसाऽन’ असा ऐकू येतो. उत्तरेला अल्स्टरमध्ये दुसरं अक्षर आखूड होऊन ‘कॉसन’च्या जवळ जातं. खाली ‘ख़’ खाली टिंब देऊन लिहिला आहे. तो आपला ‘खडक’मधला ख नव्हे, तर उर्दूभाषक ‘ख़बर’ म्हणताना घशात घासतो तो. आणि ‘न्य’ लिहिलंय तिथं शेवटचा अ म्हणायचा नाही. न म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूला लावायचा, एवढंच.

शब्दाची घडण सरळ आहे. ‘कोस’ म्हणजे पाय, त्याला ‘आन’ प्रत्यय. आपल्याकडे पायापासून पायरी आणि पायथा झाले, तसा तिकडे पायापासून कोसान.

इथं एक खड्डा आहे, तो आधीच दाखवलेला बरा. आयरिश ‘कोस’ म्हणजे पाय आणि मराठी कोस म्हणजे चालायचं अंतर, शिवाय विषय वाटेचा. दोन्ही शब्द एकच असणार असं कुणालाही वाटेल. तसं नाही. मराठी कोस हा संस्कृत ‘क्रोश’पासून आला, आणि क्रोश म्हणजे हाक, हाक ऐकू जाईल तेवढं अंतर. त्याचा पायाशी संबंध नाही. आयरिश कोसचा खरा भाऊबंद आपल्याच अंगावर आहे, फक्त वरच्या बाजूला: काख. संस्कृत ‘कक्ष’, लॅटिन ‘कोक्सा’ म्हणजे खुब्याचा सांधा, आणि जुन्या केल्टिकमधलंही रूप जवळपास ‘कोक्सा’च. हात किंवा पाय धडाला जिथं मिळतो ती खोबण, असा मूळ अर्थ धरला तर एकीकडे तो काखेत राहिला, दुसरीकडे खुब्यात, आणि आयर्लंडमध्ये घसरत खाली पायापर्यंत गेला. सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर विश्वास ठेवू नये, ध्वनी नियमाने कसे बदलतात ते पाहावं. कोस आणि कोस परके निघतात. कोस आणि काख सख्खे.

‘आन’ प्रत्ययाचा जुना अर्थ ‘छोटा’. ‘लोख़’ म्हणजे तळं, ‘लोख़ान’ म्हणजे तळकं. ‘क्नोक’ म्हणजे डोंगर, ‘क्नोकान’ म्हणजे टेकाड. रोनान हे नाव सिनेमावाल्यांमुळे आपल्याकडेही ओळखीचं आहे. ‘रोन’ म्हणजे सील हा समुद्री प्राणी, आणि रोनान म्हणजे छोटा सील. किअरान हे नावही त्याच वळणाचं, ‘किअर’ म्हणजे काळासावळा. प्रत्ययाचं सगळ्यात जुनं रूप दगडांवर सापडतं. आयर्लंडमध्ये ओघम लिपीतले शिलालेख आहेत, दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहिलेले, आणि बहुतेक ‘अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा’ अशा षष्ठीतल्या मजकुराचे. तिथं हा प्रत्यय ‘अग्नी’ असा दिसतो. पुढे त्यातला ग विरघळला, आधीचा स्वर लांबला, शेवटची ई गळाली आणि ‘आन’ उरलं. ही गळालेली ई लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

लिंगाचं एक वाक्यात सांगतो: कोस स्त्रीलिंगी आहे, कोसान पुल्लिंगी. ‘आन’ लागला की शब्द पुल्लिंगी होतो, मूळ शब्द काहीही असो. ‘ईन’ हा दुसरा लघुत्वाचा प्रत्यय तर याहून बेफिकीर आहे. ‘कालीन’ म्हणजे मुलगी, आणि तो शब्द व्याकरणात पुल्लिंगी. आपण ‘पोरगं’ म्हणून नपुंसकात टाकतो तेव्हा आपल्याला कुठं खटकतं!

स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये पायाला ‘कास’ आणि वाटेला ‘कासान’ म्हणतात, आइल ऑफ मॅनच्या मँक्समध्येही तसंच. आयर्लंडमध्येही जुन्या गावांच्या नावांत आ-वालं रूप सापडतं, त्यामुळे नकाशावर ‘कासान’ दिसला तर छापण्याची चूक समजू नये.

आता शेपटाकडे. एकवचन प्रथमा ‘कोसान’. षष्ठी एकवचन ‘कोसान्य’. प्रथमा अनेकवचन पुन्हा ‘कोसान्य’. षष्ठी अनेकवचन परत ‘कोसान’. म्हणजे रूपं दोनच, आणि ती आडवीतिडवी वाटलेली. पाठ करणाऱ्याला ही चेष्टा वाटते. पण मागे जा: षष्ठी एकवचनाच्या शेवटी ई होती, ओघममध्ये दिसते तीच. प्रथमा अनेकवचनाच्या शेवटीही ई-च होती, ती मुळात ‘ओइ’पासून आलेली. दोन्हीकडे ई जाताना आधीच्या न ला टाळूकडे ओढून गेली. प्रथमा एकवचनाच्या शेवटी ‘ओस’ होतं आणि षष्ठी अनेकवचनाच्या शेवटी ‘ओम’. त्यांत ई नव्हती, म्हणून न जसाच्या तसा राहिला. मुलगा या शब्दातही हेच दिसतं: प्रथमा ‘माक’, षष्ठी ‘मिक’, आणि ओघमच्या दगडावर ‘मक्वी’.

हे मराठी कानाला परकं नाही. मासा, माशाला. पैसा, पैशाने. आरसा, आरशात. ससा, सशाचा. स चा श का होतो असं मराठी मुलाला कुणी शिकवत नाही, ते त्याच्या तोंडात बसलेलं असतं. सामान्यरूपात ‘य’ आला, त्याने स ला टाळूकडे ओढलं आणि तो स्वतः नाहीसा झाला. आयरिशमध्ये पायाची षष्ठी करून बघा: ‘कोस’चं होतं ‘कोशे’. स चा श, आणि कारणही तेच, पुढे आलेला टाळूकडचा स्वर. ‘कोश’ हे त्याच शब्दाचं आणखी एक जुनं रूप, आता ‘च्या कडेला’ अशा अर्थाने वापरतात. गॉलवेच्या पश्चिमेला समुद्राकाठच्या आयरिशभाषक पट्ट्याचं नाव ‘कोश आरिगे’, म्हणजे समुद्राच्या पायाशी.

बेळगावात हे समजवायला आणखी एक सोय आहे. कन्नडमध्ये ‘दारी’ला प्रत्यय लावताना शब्दाच्या अंगाला हात लावत नाहीत: दारियल्लि, दारियिंद, दारिगे. मध्ये जोडणीपुरता य किंवा प्रत्यय, एवढंच. मराठीत मात्र वाट आधी ‘वाटे’ होते आणि मग ‘त’ किंवा ‘ने’ घेते. म्हणून नव्याने मराठी बोलणारा कन्नडभाषक ‘वाटमध्ये’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं पण टोचतं. आयरिश शिकताना षष्ठीत ‘कोसान’ तसाच ठेवणारा हीच चूक करतो. ‘वाटेच्या मधोमध’ हे ‘इ लार अन ख़ोसान्य’ होतं. ‘इ लार अन कोसान’ म्हटलं तर ते ‘वाट मधोमध’सारखं लागतं.

लिहिताना हा फरक कसा दाखवतात? मराठीत ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे, पण लिपी दोघांना एकच अक्षर देते, वाचणाऱ्याने ओळखायचं. आयरिश लिपीने तसं सोडून दिलं नाही. तिचा नियम आहे: पातळाला पातळ, रुंदाला रुंद. व्यंजन टाळूकडचं असेल तर त्याच्या आजूबाजूला आय किंवा ई हे रोमन अक्षर हवं. नसेल तर ए, ओ, यू. त्यामुळे ‘कोसान्य’ लिहिताना एन च्या आधी एक आय घुसवतात. तो आय उच्चारायचा नसतो, शेजारच्या न कडे बोट दाखवायला असतो. आयरिश शब्द अक्षरांनी गच्च भरलेले दिसतात त्याचं निम्मं कारण हे, असे बोट दाखवणारे स्वर. दुसरं निम्मं कारण एच हे अक्षर, त्याकडे आता येऊ.

तोंडाकडचे बदल दोन. पहिल्याला ‘शेवू’ म्हणतात, म्हणजे मऊ करणं. त्यात क चा ख़ होतो, ब चा व, म चाही व. लिहिताना व्यंजनापुढे एच लावतात. दुसऱ्याचं नाव ‘उरू’, आणि आयरिशमध्ये सूर्याला लागतं तेही उरूच. म्हणजे ग्रहण. त्यात क वर ग येऊन बसतो, प वर ब, त वर द, ब वर म. लिहिताना मूळ अक्षर पुसत नाहीत, त्याच्या आधी नवं लिहितात. ‘गोसान’ लिहिताना जी आणि सी दोन्ही येतात, वाचायचा फक्त ग. शब्दकोशात शोधताना पुढचा जी काढून टाकायचा, किंवा सी नंतरचा एच काढायचा, मग नोंद सापडते.

हे होतं का? शब्दांच्या सीमेवर झालेला संधी म्हणून. जुन्या काळी ‘अन’ या उपपदाच्या, म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या शब्दाच्या, शेवटी विभक्तीचे प्रत्यय होते. उपपद आणि नाम एका दमात बोललं जायचं, त्यामुळे उपपदाचा शेवट नामाच्या सुरुवातीला भिडायचा. शेवट स्वराचा असेल तर नामाचा क दोन स्वरांमध्ये सापडायचा, आणि दोन स्वरांत सापडलेला क टिकत नाही. आपल्या बाजारात बघा: सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार. त्यातला क कुठं गेला? आपल्याकडे तो पार विरून गेला. आयरिशमध्ये अर्ध्या वाटेवर ख़ होऊन थांबला. शेवट अनुनासिक असेल तर उलटं घडतं: नाकातल्या आवाजाला चिकटलेला क घोष होऊन ग बनतो. पंजाबीत पाचाला ‘पंज’ आणि दाताला ‘दंद’ म्हणतात ते याच ओढीने, ञ च्या शेजारी च चा ज, न च्या शेजारी त चा द. आणि शेवट स असेल तर काहीच होत नाही, स मध्ये भिंतीसारखा उभा.

एवढ्यावरून तक्ता मांडता येतो. प्रथमेत पुल्लिंगी उपपदाच्या शेवटी स होता, म्हणून ‘अन कोसान’, वाट. षष्ठी एकवचनात ई होती, म्हणून ‘अन ख़ोसान्य’, वाटेचा. इथं तोंड आणि शेपूट दोन्ही बदललं, आणि दोन्हीला कारण ई-च, एक उपपदाची आणि एक नामाची. अनेकवचनी प्रथमा ‘ना कोसान्य’, वाटा. अनेकवचनी षष्ठीत शेवटी अनुनासिक, म्हणून ‘ना गोसान’, वाटांचा. सप्तमीसारख्या अर्थाला शब्दयोगी अव्यय लागतं, आणि इथं प्रांत वेगळे पडतात. ‘वाटेवर’ हे कनॉट-मन्स्टरमध्ये ‘एर अन गोसान’, अल्स्टरमध्ये ‘एर अन ख़ोसान’. दोन्ही बरोबर. दक्षिणेने जुन्या द्वितीयेचं वळण सगळीकडे पसरवलं, तिच्या शेवटी अनुनासिक होतं. उत्तरेने चतुर्थीचं पसरवलं, तिच्या शेवटी स्वर होता. १९५८ च्या अधिकृत मानकात ‘एर’नंतर गोसान आहे, पण ‘देन’ (-पासून), ‘दोन’ (-ला) आणि ‘सा’ (-मध्ये) या जोडअव्ययांनंतर ख़ोसान. एकाच प्रांताची सवय धरून चालावं. एका वाक्यात दक्षिण आणि पुढच्यात उत्तर केलं की ऐकणारा गोंधळतो.

स्त्रीलिंगी नामाला उलट पडतं. ‘कोनिर’ हा वाटेसाठी दुसरा, जरा काव्यातला शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून उपपद लागताच ‘अन ख़ोनिर’. उपपदानंतर प्रथमेत मऊ झाला तर स्त्रीलिंगी, नाही झाला तर पुल्लिंगी. नव्या शब्दाचं लिंग ओळखायला ही कसोटी शब्दकोशाइतकीच उपयोगी.

संख्यांमध्ये दोन गोष्टी नडतात. पहिली, संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं. दुसरी, दोन ते सहा मऊ करतात आणि सात ते दहा ग्रहण लावतात. ‘ग़ा ख़ोसान’, दोन वाटा. ‘त्री ख़ोसान’, तीन. ‘शे ख़ोसान’, सहा. मग ‘शख़्त गोसान’, सात. ‘देह गोसान’, दहा. सातपासून पुढे ग का? लॅटिनकडे बघा: सेप्टेम, नोवेम, देकेम. शेवटी म. आयरिशमधून तो म कधीच गेला, पण पुढच्या शब्दावर सावली टाकून. आठ मध्ये अनुनासिक मुळात नव्हतं. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांचं पाहून त्यानेही ग्रहण धरलं.

‘त्याची, तिची, त्यांची’ हा तर खास आयरिश कारभार. तिघांनाही शब्द एकच, ‘अ’. अ ख़ोसान म्हणजे त्याची वाट, अ कोसान म्हणजे तिची, अ गोसान म्हणजे त्यांची. पुढचा एक ध्वनी चुकला तर वाट दुसऱ्याच्या नावावर जाते. माझी आणि तुझी, ‘मो’ आणि ‘दो’, दोन्ही मऊ करतात. आमची-आपली असा भेद आयरिशमध्ये नाही, ‘आर गोसान’मध्ये दोन्ही येतात.

विशेषणाबद्दल थोडक्यात. ते नामानंतर येतं. ‘फादा’ म्हणजे लांब: कोसान फादा. अनेकवचनात नामाच्या शेवटी टाळूकडचं व्यंजन असेल तर विशेषण मऊ होतं, आणि फ मऊ झाला की ऐकूच येत नाही: ‘ना कोसान्य आदा’. लिहिताना एफ-एच असतं, वाचताना शून्य. वर ‘कोश आरिगे’ आलं ना, तिथं मूळ शब्द ‘फारिगे’ आहे, समुद्र. त्याचा फ असाच गेला.

आता हा शब्द वापरायचा कुठं? कोसान म्हणजे माणसाने पायी जायची वाट. शहरात रस्त्याकडेच्या फुटपाथलाही तोच शब्द. गाडीरस्त्याला ‘बोहर’. ‘बॅलख़’ म्हणजे जायचा मार्ग. जुना अर्थ खिंड, आता मोटरवेसाठीही तोच वापरतात. ‘श्ली’ म्हणजे वाट आणि रीत दोन्ही. मेलेल्या माणसाबद्दल ‘तो सत्याच्या श्लीवर आहे’ असं म्हणतात. हा शब्द ‘तोडणे, पाडणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, म्हणजे रान तोडून केलेला रस्ता. आणि ‘तोख़र’ म्हणजे दलदलीवर फळ्या किंवा दगड टाकून केलेली वाट. लाँगफर्ड परगण्यात कोर्ली इथल्या दलदलीत ओक लाकडाचा असा तोख़र सापडला. झाडाच्या वर्तुळांवरून लाकूड इसवीसनपूर्व १४८ च्या सुमारास तोडल्याचं निघालं. फळ्या तीन-साडेतीन मीटर लांबीच्या, त्यामुळे वाट गाडी जाईल एवढी रुंद. पण स्वतःच्याच वजनाने ती थोड्याच वर्षांत चिखलात गेली. चिखलात गेली म्हणूनच टिकली, हा भाग वेगळा.

बोहरबद्दल जास्त लिहायला हवं, कारण आपल्या भागातल्या माणसाला तो बघताक्षणी कळेल. ‘बो’ म्हणजे गाय. संस्कृत ‘गो’ आणि आयरिश ‘बो’ एकच शब्द. मुळात ग आणि व चिकटलेला एक ध्वनी होता, संस्कृतने त्यातला ग ठेवला, केल्टिकने त्याचा ब केला. ‘जीव’ला तिकडे ‘ब्यो’ म्हणतात, तेही याच नियमाने. तर बोहर म्हणजे गुरांची वाट. वेदातल्या ‘गव्यूति’चं असंच झालं, आधी गुरांचं चरण्याचं रान आणि पुढे दोन कोसांचं माप.

बोहर किती रुंद असावा याचं माप लिहून ठेवलेलं आहे. मन्स्टरचा राजा आणि बिशप असलेल्या कोर्मक मक कुलेनानच्या नावावर एक शब्दकोश आहे, साधारण इसवीसन ९०० चा. त्यात म्हटलंय की बोहरमध्ये दोन गाई मावायला हव्यात, एक उभी आणि एक आडवी, शिवाय त्यांच्याबरोबर वासरं. श्लीचं माप मोठं: राजाचा रथ आणि बिशपचा रथ समोरासमोर आले तरी एकमेकांना न अडता गेले पाहिजेत. सर्वांत बारकी ती ‘शेद’, एका जनावराची वाट. रस्त्याची सफाई तीन गोष्टींची, झुडपं, पाणी आणि तण. आणि तीन वेळची, घोड्यांच्या शर्यतींच्या वेळी, हिवाळ्यात आणि युद्धाच्या वेळी. हा कोर्मक ९०८ साली लढाईत पडला, ती लढाई बॅलख़ मुग्ना इथली. रस्त्यांच्या व्याख्या लिहिणारा एका ‘बॅलख़’वरच गेला.

खानापूर-चंदगडकडे दोन बांधांच्या मधून जाणारी, दोन्ही अंगांनी झाडोरा असलेली पाणंद ज्याने पाहिली आहे त्याला कोर्मकचं माप समजावून सांगायला नको. आडवी गाय मावली नाही तर समोरून आलेली गुरं वळवता येत नाहीत, आणि पावसाळ्याआधी घाणेरी तोडली नाही तर बैलगाडी अडते. बोहरला ‘ईन’ लावून ‘बोहरीन’ झाला, तो आयर्लंडच्या इंग्रजीत ‘बोरीन’ म्हणून रुळला. बोरीनचं मराठी करायचं असेल तर पाणंदच करावं. ‘छोटा रस्ता’ केलं तर बांध आणि झाडोरा दोन्ही हरवतात.

बोहर चालवायचा तो कोसानसारखाच: षष्ठी ‘अन वोहर्य’, आणि ‘रस्त्यावर’ म्हणजे ‘एर अन मोहर’, कारण ब वर म चं ग्रहण. (आंब्याच्या मोहराशी संबंध नाही, पण विसरणार नाही.) फरक अनेकवचनात: ‘बोहरे’, आणि ते षष्ठीतही तसंच राहतं, पुढे तेवढा म येतो. बोहरचा एक निरोपाचा आशीर्वाद इंग्रजीत जगभर छापला जातो, ‘रस्ता उठून तुला सामोरा येवो’ अशा अर्थाने. तो चुकीचा आहे. मूळ वाक्य ‘गो नाइरी अन बोहर ल्यात’. त्यातलं क्रियापद एकटं असेल तर ‘उठणे’, पण सोबत ‘ल्ये’ हे अव्यय आलं की अर्थ ‘साधणे, यश येणे’. प्रवास तुला साधो, एवढंच म्हणायचंय. ‘लागणे’चा अर्थ मागच्या शब्दाने बदलतो हे ज्याला माहीत आहे, वाट लागणे आणि वाटेला लागणे यांत ज्याची गफलत होत नाही, त्याने हे भाषांतर केलं नसतं.

तोंडाकडचे बदल नुसते पुस्तकी नाहीत याचा पुरावा नकाशात आहे. लाउथ परगण्यात समुद्रकाठी आनागॅसन नावाचं गाव आहे, वायकिंगांनी ८४१ मध्ये तिथं तळ ठोकला होता. आयरिश नाव ‘आह ना गासान’, वाटांचा उतार, म्हणजे जिथं नदी पायी ओलांडता येते ती जागा. षष्ठी अनेकवचन, म्हणून क वर ग. आणि इंग्रजांनी कानाला आलं तसं लिहिताना तो ग जसाच्या तसा उतरवला. कासान हा मूळ शब्द इंग्रजी नावात दिसतच नाही, त्याचं ग्रहण लागलेलं रूप दिसतं. उलट डब्लिनजवळचं बूटर्सटाउन हे ‘बाल्य अन वोहर्य’, रस्त्यावरचं गाव. तिथं व चा पुन्हा ब झाला. आणि डब्लिनमधलंच स्टोनीबॅटर म्हणजे ‘बोहर ना ग्लोख़’, दगडांचा रस्ता; दगडाचं भाषांतर झालं, रस्त्याचं ‘बॅटर’ होऊन राहिलं.

ही नावं इंग्रजी अक्षरांत पक्की झाली ती बरीचशी आयर्लंडच्या नकाशासाठी १८२४ पासून सुरू झालेल्या जमीनमोजणीत. त्या मोजणीचा प्रमुख कोल्बी याने अंतर मोजायला बनवलेल्या पट्ट्यांसारख्याच पट्ट्या इकडची मोजणी करणाऱ्या एव्हरेस्टने १८३० मध्ये हिंदुस्थानात आणल्या. इंग्रजी अक्षरांत तिकडे ख़ गेला, इकडे बेळगावचा ळ. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी इंग्रजी नाव बेलगामचं बेळगावी झालं, तरी इंग्रजी लिपीत ळ अजून ल च आहे.

लिहायला बसाल तेव्हा तिरकी रेघ विसरू नका. तिचं नावही फादाच, लांब. कोसानमध्ये ती ए वर येते, आणि ती स्वराचं लांबीचं माप आहे, शोभा नव्हे. अनेकवचन ‘कोसान्य’ लिहिताना रेघ राहिली तर शब्द वाचला जातो ‘कोसिन्य’, म्हणजे ‘संरक्षण कर’, आणि दुसऱ्या अर्थाने ‘किंमत पडणे’. ‘वाटा बंद आहेत’ असा फलक लिहायचा आणि रेघ सोडायची, तर वाचणारा थांबून विचार करत बसेल. मोबाइलवर ए दाबून धरला की रेघेचा ए वर येतो. संगणकावर आयरिश कळफलक निवडला तर उजव्या हाताच्या ऑल्ट कळीबरोबर ए दाबायचा. त्याच कळफलकावर बाकीची इंग्रजी अक्षरं जागच्या जागी असतात, त्यामुळे दुसरा कळफलक शिकायला लागत नाही. उच्चार ऐकायचे असतील तर ‘तांग्लन’ या संकेतस्थळावर तिन्ही प्रांतांचे आवाज आहेत. तिथं शब्द मूळ रूपात, म्हणजे ग्रहण आणि एच काढून, रेघेसकट लिहायचा.